थोडी कोथिंबीर टाका हो

लग्नाच्या बायोडाट्यात 'आवडीनिवडी' नावाचा एक रकाना असतो. त्यात वाचन, प्रवास आणि जुनी गाणी ऐकणे एवढंच लिहावं असा बहुधा सरकारी आदेश निघालेला असावा. मुलगी असेल तर त्यात 'नवनवीन पदार्थ करून बघणे' याची भर पडते आणि मुलगा असेल तर 'ट्रेकिंग'ची. ट्रेकिंग म्हणजे कॉलेजात असताना एकदा सिंहगडावर गाडीने जाऊन पिठलं-भाकरी खाल्लेली असते. पुढे दोघांचं लग्न होतं, संसार होतो, आणि रकान्यात लिहिलेलं कुणी काही करताना दिसत नाही. दिसतं ते वेगळंच. दूध उतू जाणार, साय पातेल्याच्या काठावर आलेली आणि ऐन वेळी हात पोचून गॅस बंद झाला, की त्या बाईच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते कुलू-मनालीच्या एकाही फोटोत नसतं. नवऱ्याला थंडीत बाहेर काढलेल्या जाकिटाच्या खिशात मागच्या वर्षीची शंभराची नोट सापडते. नोट स्वतःचीच, स्वतःच विसरलेली. पण दिवसभर तो कुणीतरी बक्षीस दिल्याच्या थाटात वावरतो. बायकोला मात्र सांगत नाही.

मला वाटतं, माणसाला रोजच्या रोज जो खरा आनंद होतो तो चारचौघांत सांगण्यासारखा नसतो. त्यात थोडं फुकट मिळालेलं असतं, थोडं दुसऱ्याचं फसलेलं असतं आणि बरंचसं आपण थोडक्यात वाचलेलो असतो. मुलाचं यश, नवं घर, बढती हे आनंद पेढे वाटण्यासाठी ठीक. पण मुलगा बोर्डात येईपर्यंत अठरा वर्षं थांबावं लागतं. तोवर माणसाने करायचं काय?

तोवर माणूस भाजी आणायला जातो.

माझ्या मावशीबरोबर मंडईत गेल्याशिवाय हा विषय कळायचा नाही. भाजी हे तिचं निमित्त. ती गवारीच्या ढिगातली एक शेंग उचलते, मोडते, 'कट्' असा आवाज येतो आणि तिचं तोंड वाकडं होतं, कारण आता नाव ठेवायला जागा उरली नाही. तरी भाव होतो. पाव किलो गवार, दोन दोडके, लाल माठाची एक जुडी. पैसे देऊन होतात. इथे आपल्यासारखी भोळी माणसं निघायला लागतात. मावशी हलत नाही. पिशवीचं तोंड उघडं धरून ती तशीच उभी राहते. भाजीवाली एकाएकी दुसऱ्या गिऱ्हाइकात रमते. दोघींनाही पक्कं ठाऊक असतं, की खरा व्यवहार आत्ता कुठे सुरू होतोय.

"थोडी कोथिंबीर टाका हो."

"न्हाई परवडत ताई. लई म्हाग हाय आज."

"महाग कधी नव्हती? चार काड्या टाका."

भाजीवाली पाणी मारलेल्या ढिगातून अगदी मोजून चार काड्या काढते आणि पिशवीत सोडते. मावशी काही बोलत नाही. नुसती पिशवीत बघते. ते बघणं शिकवून येत नाही, त्याला तीस वर्षांचा बाजार लागतो. भाजीवाली सुस्कारा टाकते आणि आणखी एक चिमूट टाकते. "आणि दोन मिरच्या," मावशी म्हणते. मिरच्या पडतात. पिशवी मिटते. निघताना दोघी एकमेकींकडे बघून हसतात. दोघींनाही आपण जिंकलो असं वाटत असतं, आणि माझ्या मते दोघींचंही बरोबर असतं.

घरी आल्यावर गवारीबद्दल मावशी चकार शब्द काढत नाही. ओट्यावर कोथिंबीर पसरून "बघ, केवढी दिली" म्हणते. हीच कोथिंबीर विकत आणलेली असती तर निवडायच्या कंटाळ्याने फ्रिजमध्ये काळी पडली असती. फुकटची आहे म्हणून पान न् पान निवडलं जातं, कागदात गुंडाळून डब्यात जातं आणि चार दिवस प्रत्येक आमटीवर पडतं. तिची किंमत गवारीच्या भावात आधीच धरलेली होती, हे मावशीला कळत नाही असं समजू नका. ती बँकेतून निवृत्त झाली आहे. चक्रवाढ व्याज ती तोंडी काढते.

2024 च्या मे महिन्यात या विषयाने थेट एका कंपनीच्या प्रमुखापर्यंत मजल मारली. मुंबईतल्या एका गृहस्थाने समाजमाध्यमावर तक्रार केली, की ब्लिंकिट या ॲपवरून भाजी मागवली तर कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडले आणि ते बघून आईला धक्काच बसला. कोथिंबीर फुकट द्या. कंपनीच्या प्रमुखाने लगोलग मान्य केलं आणि भाजीबरोबर कोथिंबीर फुकट मिळायला लागली. देशात इतक्या झटपट निकाली निघालेली दुसरी तक्रार मला आठवत नाही. मी ही बातमी मोठ्या उत्साहाने मावशीला सांगितली. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"न मागता देतात?"

"हो."

"मग शिळी असणार."

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. वर्षातले काही दिवस असे येतात, की नाशिककडच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव कोसळतो, वाहतुकीचा खर्चसुद्धा निघत नाही आणि शेतकरी वैतागून उभ्या पिकात जनावरं सोडतो. त्या दिवसांत 'थोडी कोथिंबीर टाका' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. मावशीची अडखळत नाही, पण त्या दिवसांत ती भाव करत नाही. हेही मी पाहिलं आहे, आणि मी ते पाहिलं हे तिला आवडलेलं नाही.

पाणीपुरीनंतरची सुकी पुरी याच घराण्यातली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात गाडीची किल्ली आणि खिशात दोन क्रेडिट कार्डं असलेला माणूस पैसे देऊन झाल्यावरही हातात रिकामा द्रोण धरून उभा असतो. "भैया, एक सुखी." तीच पुरी दुकानात पाकिटातून विकत घेऊन घरी तोंडात टाकली तर मऊ पडलेल्या पापडाची चव लागते. ठेल्यासमोर उभं राहून, हक्काने, वर चिमूटभर मसाला भुरभुरून घेतली तरच ती पुरी.

फुकटाच्या आनंदात सगळ्यात वरचा नंबर सुट्टीचा. डिसेंबरात नवं कॅलेंडर घरी आलं, की ते उघडायच्या प्रत्येकाच्या तऱ्हा वेगळ्या. कालनिर्णय 1973 पासून भिंतीवर आहे, त्यामुळे आता तिसरी पिढी या कामाला लागलेली आहे. आजी गणपती कधी ते बघते. आई संकष्टी कुठल्या वारी येतात ते बघते. काका आपलं वार्षिक राशिभविष्य वाचून बॉसची रास शोधतात. आणि नोकरदार माणूस जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत लाल रंग तपासत जातो. सोमवारी किंवा शुक्रवारी लाल दिसलं, की त्याच्या डोळ्यांपुढे थेट हर्णै-मुरूडचा समुद्र. रविवारी दिसलं, की घरातलं कुणीतरी गेल्यासारखा चेहरा.

या बाबतीत 2022 इतकं दगाबाज वर्ष माझ्या माहितीत नाही. रामनवमी रविवारी. महाराष्ट्र दिन रविवारी. बकरी ईद रविवारी, आणि आषाढी एकादशीही त्याच रविवारी. गांधी जयंती रविवारी. संपलं असं वाटेपर्यंत नाताळ रविवारी. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कामगार आणि राष्ट्रपिता या सर्वांना एकाच वर्षी एकाच न्यायाने वागवण्याचा असा प्रसंग आपल्या देशात विरळाच. 2025 ने वेगळी खोडी काढली. दसरा नेमका 2 ऑक्टोबरला आणून बसवला. दोन सुट्ट्या एका दिवसात गडप. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा बाकीच्यांना हेवा वाटला. पण त्यांचं दुःख कुणी बघितलं नाही. आता शनिवारी आलेल्या सुट्टीसाठीसुद्धा त्यांना हळहळावं लागतं.

आमच्या शेजारचे काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता त्यांना सगळेच वार सारखे. तरी नवं कॅलेंडर आलं, की चष्मा पुसून पहिल्यांदा सुट्ट्याच बघतात. सोमवारला लागून आलेली दिवाळी दिसली, की "वा!" म्हणतात आणि कॅलेंडर खिळ्याला अडकवतात.

आता जरा काळ्या आनंदाकडे वळू. घरातले लाइट गेले, की माणूस काय करतो? मेणबत्ती शोधतो, हे खोटं. तो आधी खिडकीशी जातो आणि समोरच्या इमारतीत बघतो. समोरही अंधार असेल तर त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो घरात येऊन जाहीर करतो, "सगळ्यांचेच गेलेत." या वाक्यात केवढा दिलासा आहे! पंखा तितकाच बंद, डास तितकेच चावतायत, पण आता सोसवतं. समोर मात्र लखलखाट असेल आणि फक्त आपल्याच इमारतीत काळोख असेल, तर हाच माणूस लोकशाही, व्यवस्था आणि बिल्डर यांच्यावर घसरतो.

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या राहिल्या. ज्यांचं खरंच अडलं त्यांचं फार अडलं, रुग्णालयांची धावपळ झाली, हे खरंच. पण ते करोनाचे दिवस होते, अर्धं शहर घरात बसून काम करत होतं आणि पोरं मोबाइलवरच्या शाळेला जुंपलेली होती. माझी भाची ठाण्यात राहते. भूमितीच्या बाई स्क्रीनवरून एकाएकी अदृश्य झाल्या तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "बाईंचेपण गेलेत ना?" गेलेत म्हणताच ती गॅलरीत धावली. शेजारच्या गॅलऱ्यांतही पोरं आलेली होती. त्यांनी एकमेकांना हात केले. घरातली मोठी माणसं लॅपटॉप मिटवून "आता काय, काही करताच येत नाही" असं खिन्न सुरात म्हणत पोह्यांची तयारी करत होती.

आणि लाइट परत येतात तेव्हाचं तर विचारूच नका. आठ मजल्यांतून, चाळीस घरांतून एकाच क्षणी "आले!" अशी आरोळी उठते. सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीच्या गळतीवरून एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं त्या एका शब्दावर एकमुखी असतात. दुसऱ्या मिनिटाला पंपाचं बिल कुणी भरायचं यावर पुन्हा फाटतं.

दुसऱ्याला काम करताना बघणं हाही असाच निरागस आनंद. कुठेही जेसीबी लागला, की भोवती माणसं जमतात. 2019 च्या उन्हाळ्यात समाजमाध्यमांवर जेसीबीच्या खोदकामाच्या चित्रफितींची लाट आली तेव्हा काहींना वाटलं, ही पिढी वाया गेली. उगाच नावं ठेवू नयेत. आमच्या लहानपणी टेलिफोनच्या तारांसाठी चर खणला जायचा तेव्हा कुदळीभोवतीसुद्धा हीच गर्दी असायची. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाने 1945 मध्ये आपल्या आद्याक्षरांची कंपनी काढली तेव्हा त्याला कल्पनाही नसेल, की एक दिवस महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही पिवळ्या यंत्राला त्याच्याच नावाने हाक मारली जाईल आणि लोक दुकानं उघडी टाकून ते बघायला येतील. बघणाऱ्यांत एक जण असतोच, जो हात मागे बांधून चालकाला सूचना देत राहतो. "थोडा डावीकडे. अजून. हां, आता उचल." काचेच्या आत बसलेल्या चालकाला इंजिनाच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नसतं. तरी डबा बरोबर डावीकडे जातो, उचलला जातो आणि हे गृहस्थ आजूबाजूला असं बघतात, की पाहा, मी सांगितलं म्हणून.

पहिल्या पावसाचा वास मी या लेखात घेणार नाही. तो बाकीच्या सगळ्या लेखांत आहे. फक्त एवढंच सांगतो, की त्या मातीच्या वासात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात, आणि आपलं नाक त्या बाबतीत इतकं तिखट आहे, की हवेत त्याचा अगदी नगण्य अंश असला तरी कळतो. हेच जिओस्मिन बिटातही असतं. म्हणजे ज्या वासासाठी लोक जून महिन्यात खिडक्या उघडतात, कवितांच्या वह्या उघडतात, तोच वास ताटात कोशिंबिरीतून आला की "मला बीट नको, मातकट लागतं" म्हणून बाजूला सारतात. कनौजला मातीचं अत्तर काढतात. बिटाचं काढून बघायला कुणाची हिंमत झाल्याचं ऐकिवात नाही.

पार्सलमधून येणारं ते फुगेवालं प्लास्टिकही इथेच उरकतो. 1957 मध्ये न्यू जर्सीत दोघा गृहस्थांनी ते भिंतीवर लावायचा नवा कागद म्हणून बनवलं होतं. भिंतीला ते कुणी लावलं नाही. पुढे नाजूक यंत्रं गुंडाळायला ते कामाला आलं, आणि नंतर, कुठल्याही जाहिरातीविना, पटापट फोडायला. आमच्याकडे पार्सल आलं, की मिक्सर बाजूला राहतो. पोरगं फुगे फोडायला बसतं, बाप येऊन "असं नाही फोडायचं, आण इकडे" म्हणतो आणि अर्ध्या तासाने पोरगं रडत असतं, बाप फोडत असतो.

मुंबईकराला मात्र हे सगळं क्षुल्लक वाटेल. त्याचा आनंद एकच, खिडकी. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटलेल्या कल्याण फास्टमध्ये तीन माणसांसाठी केलेल्या बाकावर चौथा कडेला अर्धा टेकलेला असतो आणि पाचवा समोर उभा राहून विचारतो, "उतरणार कुठे?" हा प्रश्न नाही, हे आरक्षण आहे. "ठाणा" असं उत्तर आलं, की ती जागा त्याची झाली. त्यावर डब्यात कुणी वाद घालत नाही. रजिस्ट्रारच्या कचेरीत झालेले करार मोडलेले मी पाहिले आहेत, हा मोडलेला पाहिला नाही. मग बढत्यांचा क्रम सुरू होतो. कुर्ल्याला तो चौथा होतो. घाटकोपरला कुणीतरी उठतो आणि तो तिसरा होतो, आता निदान दोन्ही मांड्या बाकावर. ठाण्याला खिडकीवाला उठतो. आपला माणूस सरकत सरकत खिडकीशी जातो, बॅग मांडीवर घेतो, गजांना नाक लावतो. नोकरीत वीस वर्षांत जे मिळालं नाही ते पाऊण तासात मिळालं. आता वारा खायचा, बाहेर बघायचं. 2022 पर्यंत इथे गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची. सव्वा किलोमीटरहून लांब, 1916 सालचा, काळाकुट्ट. आता बोगदा टळतो, पण जरा बाहेर बघतोय तोवर डोंबिवली येते. तो उतरतो. त्याला विचारा, तो सांगेल, "आज बसून आलो. विंडो!"

पण या सगळ्यांवर मात करणारा आनंद माझ्या साताऱ्याच्या मामांना सापडला आहे. मामांना आपल्या तब्येतीचा भारी अभिमान. चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत केसांना कलप. 2022 च्या ऑगस्टमध्ये सरकारने पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट केला आणि पंच्याहत्तर लागताच मामांनी कलप बंद केला. फुकटाचा मोह एकीकडे आणि तारुण्य दुसरीकडे. पण पहिल्याच फेरीत मामांच्या लक्षात आलं, की दोन्ही एकदम मिळतंय. कंडक्टर त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाला, "पंच्याहत्तर? वाटत नाही. आधार कार्ड दाखवा काका." मामांनी पाकिटाच्या एकेका कप्प्यात सावकाश शोधत, शेजारच्या दोन बाकांना ऐकू जाईल अशा बेताने "आहे हो, आहे, कुणालाच खरं वाटत नाही" म्हणत कार्ड काढलं. तेव्हापासून स्वारगेटला काही काम नसलं तरी मामा महिन्यातून दोनदा जाऊन येतात.

मागच्या खेपेला मात्र घोटाळा झाला. कंडक्टर कोवळा पोरगा होता. त्याने मामांकडे एकदा बघितलं, काही न विचारता शून्य रुपयाचं तिकीट काढून हातात दिलं आणि पुढे गेला. मामा गप्प झाले. वेळे गेलं, खंडाळा गेलं, तरी गप्प. शेवटी शिरवळ आलं तेव्हा त्यांना राहवेना. उठून, बाकांना धरत धरत कंडक्टरपाशी गेले आणि आधार कार्ड पुढे केलं.

"बघून घे बाबा. उगाच नंतर शंका नको."

"दिसतंय की आजोबा," तो म्हणाला, "बसा तुम्ही, पडाल."

परतीच्या गाडीत मामांनी खणखणीत आवाजात "एक सातारा, फुल्ल" म्हणून पूर्ण तिकीट मागितलं. कंडक्टरने वर न बघता पैसे घेतले आणि तिकीट दिलं. आधार नाही, चौकशी नाही, काही नाही. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मामा शीळ घालत होते.